भाऊंच्या आठवणीत रविवारी रक्तदान, सर्वांनी वाचा

सर्वांना जय गुरुदेव. भाऊंची तेरवी झाली पण अजूनही रात्री फोन वाजला की वाटते त्यांचाच असन, "कोनाचा बी पॉझिटिव्ह आहे रे, गाडी काढ" एवढंच म्हनायचे न ठेवून द्यायचे, नाही म्हनायला जागाच नाही. आपल्या इकडं सिकलसेलचे (रक्ताच्या आजाराचे) पेशंट किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे, त्यातल्या कितीक लेकरांसाठी ह्या मानसानं फटफटीवर डोनर नेले, पेट्रोलचे पैसे कधी मागितले नाही, आपनही कधी विचारले नाही म्हना.

तर येत्या रविवारी सकाळी ९ वाजता समाजमंदिरात शिबिर ठेवलं आहे. हार, बॅनर काही आनू नका, भाऊंना बॅनरचा भयंकर राग होता.

उपाशी पोटी कोनी येऊ नका, पोहे खाऊन न चहा पिऊनच घरून या, पानी भरपूर प्या. वय १८ च्या वर, वजन ४५ किलोच्या वर पाहिजे, मागचं रक्त देऊन बायांना ४ महिने न मानसांना ३ महिने झालेले पाहिजे. बीपी-शुगरची गोळी चालू असन तर डॉक्टरला आधी सांगा, लपवू नका बावा.

रक्त ३५ ते ४२ दिवसच टिकते, म्हनून भाऊ सगळ्यांना एकदमच नाही बोलवत होते, अर्धे लोक राखून ठेवायचे. डोनरचे नंबर लिहिलेली भाऊंची वही वहिनींनी आपल्याला दिली आहे. नंबर बदलला असन तर रविवारी त्यात लिहून जा.