‘तुम्हाला काय, वेळच वेळ!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत एकट्या राहणाऱ्या वयस्क बायकांवर लेख आला होता. लेख वाईट नव्हता. त्यावरचं छायाचित्र बघून मात्र मला हसू आलं. पिकलेल्या केसांची बाई, हातात चहाचा कप आणि नजर खिडकीबाहेर. अशा लेखांवर दर वेळी हीच बाई असते, कप तेवढा बदलतो. मी ५८ वर्षांची, बिनलग्नाची, भांडुपला वन-रूम-किचनमध्ये राहते. माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचा ड्रेनेजचा पाइप दिसतो. त्याच्याकडे बघत चहा प्यायला मला अजून तरी सवड झालेली नाही.

मी स्टाफ नर्स आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात शिकले आणि तेव्हापासून मुंबईतच नोकरी. मागच्या वर्षी रिटायर झाले, महिन्याभरात कॉन्ट्रॅक्टवर परत बोलावलं. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. पुढे नर्सिंगला स्टायपेंड मिळतो म्हणून नर्सिंगला गेले, मग धाकट्या दोन भावांची शिक्षणं. लग्न राहून गेलं की मी केलं नाही, हा हिशोब आता मांडत नाही. वहीच हरवली आहे.

माझा रविवार कसा असतो ते सांगते. शनिवारची नाईट सकाळी आठला संपते. पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायचा, वॉर्डातल्या मावशींनी आणलेला अर्धा कप चहा उभ्याउभ्या घ्यायचा आणि चेंजिंग रूममध्ये साडी नेसायची. साडी आदल्या संध्याकाळीच इस्त्री करून बॅगेत ठेवलेली असते आणि तिच्यावर ‘उपासना संगीत’, आमचं चर्चमधल्या गीतांचं पुस्तक. पुस्तकाच्या वजनाने घडी मोडत नाही, हा शोध माझा. साडेनऊला उपासना. गायक मंडळात मी मागच्या रांगेत. पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांचं भजन सुरू झालं की झोप उडते, ती संदेशाच्या वेळी परत येते. एकदा पाळकसाहेबांनी दारात हात मिळवताना विचारलं, “सिस्टर, आजचा संदेश कसा वाटला?” म्हटलं, “साहेब, शांतीवर होता ना? मला पूर्ण मिळाली.” ते हसले. त्यांच्या आईही नर्सच होत्या.

मग परतीचा प्रवास. मेन लाइनवर मेगाब्लॉक असेल तर घरी पोचायला दोन वाजतात. आमची निम्मी मंडळी पूर्वी लालबाग-परळच्या चाळींत राहायची, आता कल्याण, बदलापूर, नालासोपाऱ्याहून येते. तरी येतात, कारण आपल्या भाषेत उपासना आणि नंतर आवारात तासभर “सलाम, सलाम” करत उभं राहणं, हे दुसरीकडे मिळत नाही. मीही त्यासाठीच जाते. आपल्या लेखात एकाकीपणावर छंद, योगासनं आणि पाळीव मांजर असे उपाय दिले होते. मांजराबद्दल मला आदर आहे, पण ते पेटीवर सूर देत नाही.

आता मूळ मुद्दा. मला एकटेपणाचा त्रास नाही. त्रास आहे तो माझा वेळ सार्वजनिक मालमत्ता समजला जाण्याचा. हे वॉर्डातही होतं आणि चर्चमध्येही. वाक्यही दोन्हीकडे एकच: “तुम्हाला काय, वेळच वेळ!”

वॉर्डातलं आधी. सणांचा आमचा जुना सौदा आहे. लक्ष्मीपूजनाची रात्र माझी, गणपती बसतात त्या दिवशीची ड्युटी माझी, आणि २५ डिसेंबरचा ऑफ माझा. हा सौदा मला आवडतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वॉर्ड शांत असतो, कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा येतो. पण हळूहळू सौद्यात न बसणाऱ्या गोष्टी माझ्याकडे सरकत गेल्या. कुणाच्या मुलीची दहावी, कुणाचे सासरे आजारी, कुणाच्या घरी पाहुणे. रोस्टर लागायच्या आधीच पेन्सिलने माझं नाव. एका नाताळात तर ऐकवलं गेलं, “सकाळी चर्च झालं की तुमचं झालंच ना, इव्हिनिंग करून टाका.” केली. दहावीची मुलगी खरी होती, सासरेही खरे होते. माझ्याबरोबरच्या नर्स मुलींची ओढाताण मी रोज बघते, त्यांच्यावर माझा राग नाही. पण माझ्या घरी कुणी वाट बघत नाही म्हणून मला घरी जायचंच नसतं, हे गणित मला कधी कळलेलं नाही. कधी कधी माणसाला घरी जाऊन नुसतं पाय वर करून पडायचं असतं.

चर्चमध्ये हेच जरा गोड आवाजात होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आमच्याकडे प्रत्येकाला वेगळा छोटा काचेचा पेला असतो, अंगठ्याएवढा. असे दीडशे पेले नंतर धुवायचे. द्राक्षरस तळाशी चिकटून बसतो, नुसत्या पाण्याने निघत नाही आणि बोट आत जात नाही. मी टेस्ट ट्यूब धुवायचा ब्रश विकत आणला, गरम पाणी, मग एकेक पेला उजेडाकडे धरून बघायचा आणि फडक्यावर पालथा घालायचा. हे काम मला मनापासून आवडतं. खिडकीशी उभी राहून, मागे लोकांच्या गप्पा चालू असताना दीडशे वेळा उजेड बघायचा! पण त्याच खिडकीशी उभी असताना मला कळलं की माझं नाव शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या, बदली शिक्षिकांत आहे, आजारी भेटीच्या यादीत आहे आणि स्नेहभोजनाच्या भाजीतही आहे. विचारलं होतं कुणी? “सिस्टर, तुम्हाला काय...” पुढचं वाक्य आपल्याला पाठ झालं असेलच.

आणि जिथे बोलवायचं तिथे बोलावणं नाही. दर महिन्याला कुटुंब सहभागिता असते, पाळीपाळीने एकेका घरी. प्रार्थना, दोन भजनं, पोहे, चहा. माझ्याकडे पाळी कधी आलीच नाही. “तुम्ही एकट्या, उगाच त्रास.” भाजी तीस जणांची चालते, पण चहा पंचवीस जणांचा झेपणार नाही! गेल्या नाताळात कॅरल म्हणणारी मुलं भांडुपला आली होती. मी करंज्या केल्या होत्या, खोबऱ्याच्या, आईच्या पद्धतीने थोडी खसखस घालून. साडेदहापर्यंत दाराचा लाइट चालू ठेवला. गिटारचा आवाज मागच्या गल्लीतून आला आणि तसाच पुढे गेला. नंतर विचारलं तर मुलं म्हणाली, “आंटी, आम्हाला वाटलं तुम्ही ड्युटीवर असाल.” करंज्या तिसऱ्या दिवशी वॉर्डात नेल्या. मामा-मावशींनी दहा मिनिटांत डबा रिकामा केला.

मराठीत ‘मंडळी’ शब्दाची गंमत आहे. आम्ही चर्चलाही मंडळी म्हणतो, आणि जुन्या पिढीतले पुरुष बायकोलाही मंडळी म्हणायचे. मी कुणाची मंडळी झाले नाही, म्हणून मंडळीत मोजायची राहिले की काय, असा विनोद मी एकदा महिला मंडळात केला. दोघीच हसल्या. त्या दोघीही एकट्याच.

खरं तर बिनलग्नाच्या बाया आमच्याकडे काल उगवलेल्या नाहीत. सिंथिया फरार नावाची अमेरिकन मिशनरी १८२७ साली मुंबईत आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. जोतीराव फुले त्या शाळा बघून गेले होते. ती १८६२ मध्ये नगरलाच वारली, लग्न न करता. पंडिता रमाबाई विधवा होत्या, लहान मुलगी पदरात होती. १८८९ साली त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. माझी आजी ‘मिससाहेबां’च्या, म्हणजे अशाच बिनलग्नाच्या मिशनरी बाईंच्या, हाताखाली अक्षरं शिकली. त्यांच्याबद्दल बोलताना आजीचा आवाज बदलायचा. आणि बायबलातल्या पौलाचं म्हणाल तर त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय उघडून बघावा. तो स्वतः एकटा होता आणि त्याबद्दल त्याला कुणाची सहानुभूती नको होती. हे सगळं आमच्या लोकांना माहीत आहे. वर्धापनदिनाच्या भाषणात येतंही. भाषणानंतर जेवणाच्या टेबलावर “जोडप्यांनी आधी बसा” असं होतं, एवढंच.

पण मी तक्रारच करत बसले तर ते खोटं होईल, कारण एक गोष्ट अजून सांगायची आहे आणि तिच्यात चूक माझीही आहे.

गेल्या पावसाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका दुसऱ्या हॉस्पिटलात. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. सोबत चर्चमधली माझ्या बाकावरची मैत्रीण आली होती. शाळेत क्लार्क होती, आता पेन्शनर, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. कल्याणहून पहाटेची गाडी पकडून आली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. “सोबत मिस्टर? मुलगा?” म्हटलं, या आहेत. “या कोण?” मैत्रीण. “घरचं कुणी नाही का?” फॉर्मवर रकाना होता: ‘रुग्णाशी नातं’. बँकेच्या फिक्स्ड डिपॉझिटला नॉमिनी म्हणून मैत्रीण चालते, मी तिचंच नाव दिलेलं आहे. इथे चालेना. खरं तर सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. तिथे आईचीही सही चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच सांगितलं आहे. सोबतच्या माणसाची सही हा रिवाज. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण डोळ्यात थेंब घातलेले, समोरचं धूसर, मागे रांग. वाद घालायचं बळ नव्हतं. मैत्रिणीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं: बहीण.

चर्चमध्ये आम्ही एकमेकींना बहीणच म्हणतो. उपासनेत रोजच्या वापराने तो शब्द गुळगुळीत झालेला असतो. त्या काउंटरवर तो खोटाही होता आणि खराही. संध्याकाळी ती मला भांडुपला घेऊन आली, थेंबांच्या वेळा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहिल्या, खिचडी टाकली आणि चार दिवस माझ्याकडे राहिली. रात्री माझ्यापेक्षा जोरात घोरायची.

त्या चार दिवसांत एका डोळ्यावर पट्टी बांधून पडल्यापडल्या मला आठवत राहिलं, “घरचं कुणी नाही का?” हे मी स्वतः किती जणांना विचारलं असेल. तीस वर्षं वॉर्डात आहे. एक आजोबा होते, त्यांना शेजारचा रिक्षावाला घेऊन आला होता. मी त्याला बाहेर बसवलं आणि “नातेवाइकांना बोलवा” म्हटलं. तो दिवसभर बाहेरच बसून राहिला, आजोबाही काही बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं मी नियमाने वागते आहे.

आता मी नव्या रुग्णाला “तुमच्यासोबत कोण आलंय?” असं विचारते. जो कुणी पुढे येतो त्याला खुर्ची देते. सध्या माझ्या हातात एवढंच आहे. छापील फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांनी ‘नातं’ या रकान्याशेजारी ‘किंवा सोबतची व्यक्ती’ एवढं छापावं, म्हणून तर आपल्याला हे पत्र.

चर्चच्या बाबतीत मी गेल्या महिन्यात जरा धीर केला. वार्षिक सभेत उभी राहून दोन गोष्टी मागितल्या. एक, माझं नाव यादीत घालण्याआधी मला विचारा. दोन, कुटुंब सहभागिता माझ्याकडे घ्या. पहिल्या मागणीवर सगळे गप्प बसले. दुसरीवर सेक्रेटरी म्हणाले, “पण सिस्टर, जागा?” म्हटलं, सतरंज्या आहेत, पुरुषांनी कॉरिडॉरमध्ये बसावं, भजन तिथपर्यंत ऐकू येतं. एकट्यांची वेगळी सहभागिता काढू का, असंही कुणी सुचवलं. नको म्हटलं. सगळ्या एकट्यांना एका खोलीत बसवलं तर चहा कोण करेल यावरून भांडणं होतील, कारण प्रत्येकीला वाटतं आपलाच चांगला होतो.

या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाला माझ्या घरी प्रार्थना आहे. सोसायटीच्या ऑफिसातून दोन सतरंज्या आणल्या, तिसरी मैत्रीण कल्याणहून आणते आहे. पोहे अडीच किलो भिजवणार. त्या दिवशीचा ऑफ मी स्वतः पेनने लिहून घेतला आहे. पुढच्या लेखासाठी आपल्या छायाचित्रकाराला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा. फक्त खिडकीचा फोटो मिळणार नाही, संध्याकाळी डास येतात म्हणून ती बंद असते.

आपली नम्र,
एक वाचक परिचारिका, भांडुप (पश्चिम)
(कृपया नाव छापू नये.)