सव्हाना वाचले, पण कोणासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराविषयी मराठीत जे काही लिहून येते, त्यात ओकच्या झाडांनी झाकलेले चौक आणि रात्रीच्या ‘भुताटकीच्या सहली’ यांपलीकडे सहसा काही नसते. अटलांटाहून जोडून सुटी साधून येणारी मराठी कुटुंबेही बहुधा तेवढेच पाहून परततात. हे शहर वाचले कसे, आणि ते वाचवण्याची किंमत कोणी मोजली, याविषयी इथला रहिवासी म्हणून दोन शब्द लिहावेसे वाटतात.

१७३३ साली जॉर्जिया वसाहतीचे संस्थापक जेम्स ओगलथॉर्प यांनी आखलेल्या या शहराचा प्रत्येक वॉर्ड एकेका चौकाभोवती रचलेला आहे. १९५४ मध्ये त्यांपैकी एलिस चौकातली जुनी मंडई पाडून तिथे गाड्यांसाठी बहुमजली वाहनतळ उभा राहिला. पुढच्याच वर्षी १८२० सालचे डेव्हनपोर्ट हाउस पाडण्याची वेळ आली, तेही वाहनतळासाठीच. तेव्हा सात स्त्रियांनी पुढाकार घेऊन साडेबावीस हजार डॉलर उभे केले, ते घर विकत घेतले आणि त्यातूनच ‘हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. त्या काळी जुन्या घरापेक्षा त्याच्या विटांना जास्त भाव होता. ‘सव्हाना ग्रे’ नावाच्या, हाताने थापलेल्या त्या मोठ्या राखी विटांसाठी धडधाकट घरे पाडली जात.

या संस्थेने सरकारी मदतीची वाट न पाहता फिरता निधी उभारला. धोक्यात असलेली वास्तू विकत घ्यायची, ती डागडुजी करणाऱ्या आणि वापरणाऱ्या माणसाला विकायची, मात्र दर्शनी भाग बिघडवता येणार नाही आणि वास्तू पाडता येणार नाही अशी अट खरेदीखतातच घालायची, म्हणजे पुढे मालक कितीही बदलले तरी ती अट मिळकतीबरोबर राहते. आणि विक्रीतून आलेला पैसा पुढच्या घराकडे वळवायचा. चारशेहून अधिक वास्तू अशा रीतीने वाचल्या. वारसास्थळांच्या याद्या करून थांबण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी व्यवहार्य वाटतो.

परंतु डेव्हनपोर्ट हाउसमध्ये त्या वेळी खोल्या-खोल्यांतून गरीब भाडेकरू राहत होते, याचा उल्लेख या कौतुकात क्वचितच होतो. घरे सुधारली तसे भाव चढले आणि जुने भाडेकरू, त्यातही कृष्णवर्णीय कुटुंबे, शहराच्या मध्यभागातून बाहेर ढकलली गेली. ज्या विटांचे एवढे कौतुक, त्या हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी भाजलेल्या होत्या, हेही सांगायला हवे. आज संग्रहालय असलेल्या ओवेन्स-थॉमस हाउस या जुन्या हवेलीच्या मागे गुलामांच्या राहण्याच्या खोल्या आहेत. त्यांच्या छताला दुष्ट शक्ती दूर ठेवण्यासाठी दिलेला निळा रंग आजही दिसतो. पण त्या खोल्यांचा उल्लेख वास्तूच्या अधिकृत नावात यायला २०१८ साल उजाडावे लागले.

फाउंडेशनचे एक प्रमुख कार्यकर्ते लिओपोल्ड ॲडलर यांना हा दोष दिसला होता. १९७४ मध्ये त्यांनी व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलेल्या, भागातली पडीक घरे दुरुस्त करून ती अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांनाच परवडणाऱ्या भाड्याने देण्यासाठी वेगळी संस्था काढली. तो प्रयत्न पुरेसा नव्हता, तरी दिशा योग्य होती. आज मूळ प्रश्न पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचा आहे. मालक स्वतः राहत नसलेल्या अशा घरांवर नगरपालिकेने वॉर्डनिहाय मर्यादा घातली आहे. ती सैल करण्याची मागणी अधूनमधून होते आणि माझा तिला स्पष्ट विरोध आहे.

एलिस चौकातला तो वाहनतळ अखेर पाडला गेला, गाड्या जमिनीखाली गेल्या आणि २०१० मध्ये चौक पुन्हा खुला झाला. मंडई मात्र गेली ती गेलीच. आपल्या प्रवास पुरवणीत सव्हानावर पुढे कधी लेख आलाच, तर गुलामांच्या त्या खोल्यांचा आणि बाहेर गेलेल्या भाडेकरूंचाही त्यात उल्लेख व्हावा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, सव्हाना (अमेरिका)