चि. सईला, स्लीपिंग बॅग घेण्याआधी

पुणे, २० नोव्हेंबर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

केदारकांठाच्या ट्रेकसाठी तू पाठवलेल्या तिन्ही स्लीपिंग बॅगा बघितल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून सरळ पत्र लिहिते आहे. बाबांचं म्हणणं, "घेऊ दे की तिला हवी ती." त्यांना मुळात थंडी वाजत नाही, तेव्हा त्यांचं मत धरू नकोस.

आधी पहिली बॅग, कारण तुझा जीव तिच्यावर दिसतोय. स्वस्त आहे, आणि वर ठळक अक्षरात उणे १६ अंश लिहिलंय. आता त्याच पानावर खाली बारीक अक्षरात बघ: कम्फर्ट ४, लिमिट उणे १, एक्स्ट्रीम उणे १६. हे तीन आकडे आयएसओ २३५३७ या मानकातून येतात. कम्फर्ट म्हणजे त्या तापमानाला बाई अंग सैल सोडून निवांत झोपू शकते. लिमिट म्हणजे पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढतो. एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव राहील, पण अंग गारठून जिवावर बेतू शकतं. म्हणजे त्या बॅगवाल्यांनी जाहिरातीला नेमका मरणाचा आकडा घेतलाय! या मानकातली बाई २५ वर्षांची, ६० किलोची, १६० सेंटिमीटर उंचीची धरतात. म्हणजे जवळजवळ तूच. तुझ्यासाठी कम्फर्टचा आकडा तेवढा खरा, बाकीचे दोन वाचूच नकोस. ज्या बॅगेवर हे तीन आकडे वेगवेगळे दिलेलेच नाहीत, तीही सोडून दे.

मग तुला लागणार किती? सांकरी, म्हणजे ट्रेक सुरू होतो ते उत्तराखंडातलं गाव, साधारण १९०० मीटरवर आहे आणि केदारकांठाचा वरचा कॅम्प ३४०० च्या आसपास. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. सांकरीत रात्री शून्य असेल तर वर उणे १० धरायचं, वारा वेगळा. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात कुडकुडलो होतो ती थंडी इथे जमेत धरू नकोस.

दुसरी बॅग हंसाच्या पिसांची, ८०० फिल पॉवरची. सुंदर आहे, वादच नाही. पण फिल पॉवर म्हणजे काय ते बघ. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पिसं मोकळी फुलली की किती घन इंच जागा व्यापतात, तो हा आकडा. ६५० ची पिसं साडेदहा लिटर व्यापतात, ८०० ची तेरा लिटर. ऊब येते ती या फुगवट्यात अडकलेल्या हवेमुळे. म्हणून नुसती फिल पॉवर बघून काही कळत नाही, आत किती ग्रॅम पिसं भरली आहेत तेही बघावं लागतं. तिसऱ्या बॅगेत बदकाची ६५० ची ६०० ग्रॅम आहेत. तेवढाच फुगवटा ८०० च्या पिसांत हवा असेल तर साधारण ४९० ग्रॅम लागतील. फरक एकशेदहा ग्रॅमचा, आणि त्यासाठी तू जवळजवळ दुप्पट पैसे मोजणार! शिखरावर जाताना सामान तंबूतच ठेवणार आहात. एकशेदहा ग्रॅम कमी करायचे तर तो ब्लूटूथ स्पीकर घरी ठेव.

तेव्हा माझं मत तिसरीला. कम्फर्ट उणे २ आहे. उणे १० पर्यंतचं अंतर कसं भरून काढायचं ते खाली लिहिते. तिच्यात ८०/२० लिहिलंय, म्हणजे ८० टक्के परांखालची मऊ लव आणि २० टक्के बारीक पिसं. ९०/१० मिळाली तर उत्तमच, पण या किमतीत हे वाईट नाही. दुकानात गेलीस की मुठीत दाबून बघ, काड्या टोचायला लागल्या तर परत ठेव. आरडीएसचं (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) लेबलही बघ, म्हणजे जिवंत पक्ष्यांची पिसं उपटलेली नाहीत एवढी तरी खात्री. आजीला मात्र यातलं काहीच सांगू नकोस, ती तुझ्या अंगावर शाल गुंडाळून पाठवेल.

शिवण बघायला विसरू नकोस. स्वस्त बॅगांत वरचं आणि खालचं कापड एकत्रच शिवतात, त्यामुळे दुलईला टाके घातलेल्या जागी कापूस चेपतो तशी प्रत्येक टाक्याच्या रेषेत ऊब संपते आणि गार पट्टे लागतात. शून्याखालच्या बॅगेत दोन कापडांच्या मधे जाळीच्या उभ्या पट्ट्या हव्यात. चेनच्या आतून पिसं भरलेली नळी हवी, गळ्याशी आवळता येणारी कॉलर हवी. दुकानात जमिनीवर अंथरून आत शीर, चेन आतून एका हाताने लावून बघ. कापडात अडकली तर रात्री बाथरूमला उठताना रडशील. आणि लांब मापाची घेऊ नकोस, पायाशी उरलेली रिकामी जागा रात्रभर तुलाच तापवावी लागते. फार घट्टही नको, पिसं चेपली की फुगवटा गेला.

आता मॅट. यावर मी भांडेन. तुझ्या अंगाखाली पिसं दबून सपाट होतात, तिथे बॅग कितीही महाग असली तरी उपयोग शून्य. बर्फावर खालून येणारा गारठा मॅटच अडवते. तिचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू, आणि बर्फासाठी तो ४ ते ५ तरी हवा. साध्या फोमच्या मॅटचा दोनच्या आसपास असतो. पण हे आकडे बेरजेने वाढतात: फोमची एक आणि वर हवेची एक घातली की काम झालं. दोन बॅगांच्या किमतीत जो फरक आहे त्यातून हवेची मॅट घे, फोमची आपल्या माळ्यावर आहे.

आणि माळ्यावर तुझी जुनी निळी सिंथेटिक बॅगही आहे, कॉलेजातली. तीही ने. तिची चेन पूर्ण उघडून पिसांच्या बॅगेवर पांघरुणासारखी सैल टाक. उबेत तर भर पडतेच, शिवाय अंगातून निघणारी वाफ बाहेरच्या थरात जाऊन गोठते, आतली पिसं कोरडी राहतात. सांकरीहून सामान खेचरावर जाणार आहे, तेव्हा तिचं ओझं तुझ्या पाठीवर येणार नाही. हे आणि कोरडी थर्मल, टोपी, मोजे असं सगळं मिळून उणे १० ला पुरेसं होईल. झोपायच्या आधी भरपेट खा, गरम पाण्याची बाटली घट्ट बंद करून मोज्यात घालून पोटाशी ठेव. गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला आम्ही उत्तरकाशीला हेच करायचो. सकाळी ते पाणी गोठलेलं नसायचं, हा वरचा फायदा.

पिसांचं एकच मोठं दुखणं आहे, ओल. भिजली की लगदा होतात आणि ऊब जाते, सिंथेटिक तरी थोडं सांभाळून घेतं. म्हणून तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडू नकोस, कितीही मोह झाला तरी. नाक बाहेर, कानटोपी वर. सॅकमध्ये भरताना आधी कचऱ्याची मोठी जाड पिशवी घाल, मग बॅग. घडी घालून गुंडाळायची नाही, पायाकडून मुठीमुठीने कोंबायची. सात-आठ लिटरच्या पिशवीत बसते. दुपारी ऊन पडलं की उलटी करून तंबूवर वाळत टाक.

घरी आल्यावर मात्र त्या छोट्या पिशवीत ठेवायची नाही, महिनोन्‌महिने दाबून राहिली की फुगायचंच विसरते. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेव, नाहीतर कपाटात टांग. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुण्याला आणलीस तर माळ्यावर नको, पावसाळ्यात तिथे काय होतं ते तुझ्या सॅकचं बघितलंयस.

एक विचारते, रागावू नकोस. हा एकच ट्रेक करून थांबणार असशील तर काहीच विकत घेऊ नकोस. सांकरीत बॅगा भाड्याने मिळतात, आतून घालायला एक लायनर शिवून देते, स्वच्छ राहील. मार्चमध्ये स्पीतीचं खरंच ठरलं असेल तरच घे. अर्धे पैसे मी घालते, पण मॅटची पावती आधी दाखवायची.

तुझी,
आई

ता.क. जुन्या बॅगेची चेन खालून तिसऱ्या दातापाशी अडकते. मेणबत्ती घासून ठेवते. या शनिवारी बंगळुरूला येणाऱ्या मावशीकडे ती आणि फोमची मॅट दोन्ही देते, स्टेशनवर घ्यायला जा.