अलाफिनची गादी आणि गव्हर्नरची सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विदेश पानावर नायजेरियातल्या दोन राजांच्या भांडणाची चौकट वाचली. ओयोचे अलाफिन (म्हणजे तिथले राजे) अकीम ओवोआदे यांनी इफेचे ओनी (तेही राजेच) आदेयेये ओगुनवुसी यांना ४८ तासांची मुदत दिली. इबादानच्या एका उद्योजकाला अख्ख्या योरुबा प्रदेशाच्या, म्हणजे नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या मुलखाच्या, नावाने दिलेला किताब मागे घ्या, असं त्यांचं म्हणणं. बातमी खरी आहे. पण ती थट्टेच्या सुरात लिहिलेली, शेवटी ‘आधीच्या राजाला ढीगभर बायका होत्या’ अशी शेपटी जोडलेली, आणि वर फोटो अलाफिनचा म्हणून छापला तो ओनींचा. हा अंक ओयोत पोचला असता तर बायकांबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. फोटोवरून मात्र आपल्या कचेरीवर मोर्चा आला असता.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं इबादानला होतो, म्हणून हे पत्र. ज्यांच्या बायका मोजल्या ते लामिदी अदेयेमी तिसरे. १९७० पासून २२ एप्रिल २०२२ ला मृत्यू येईपर्यंत ते अलाफिन होते. ओयोच्या इतिहासात इतका काळ गादीवर कुणी बसलेलं नाही. बायका पुष्कळ होत्या, त्यांतल्या बऱ्याच वयाने फारच लहान होत्या, आणि मला ते काही कौतुकाचं वाटत नाही. पण या माणसाबद्दल सांगण्यासारखं ते शेवटचं आहे.

पहिलं सांगायचं ते त्यांच्या वडिलांचं. अदेयेमी दुसरे १९४५ मध्ये गादीवर आले तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि इंग्रज राजांच्या आडूनच कारभार हाकत. अलाफिनचा दरारा होता. १९५० नंतर निवडून आलेल्या मंडळींच्या हाती प्रांताची सूत्रं जाऊ लागली आणि ओबाफेमी अवोलोवो यांच्या ॲक्शन ग्रुप पक्षाशी राजाचं बिनसलं. पक्षाचे उपनेते बोडे थॉमस हे नावाजलेले वकील. त्यांची आणि अलाफिनची चांगलीच जुंपली. १९५३ च्या नोव्हेंबरात थॉमस तरुण वयात अचानक वारले. राजाशी उद्धटपणे बोलले म्हणून भुंकत भुंकत मेले, असं ओयोत अजून सांगतात, आणि सांगणारे शिकलेसवरलेले असतात. पुढच्याच वर्षी ओयोत दंगल झाली, माणसं मेली. सरकारने अलाफिनला शहराबाहेर घालवलं आणि नंतर गादीवरून उतरवलं. पुन्हा त्या गादीवर बसणं त्यांच्या नशिबी आलं नाही.

लामिदी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते, जन्म १५ ऑक्टोबर १९३८ चा. बालपण इतरांच्या घरी गेलेलं. आबेओकुटाच्या राजाकडे राहिले, मग लागोसला सर कोफो अबायोमी यांच्याकडे. सेंट ग्रेगरीज कॉलेजात शिकले, मुष्टियुद्ध खेळले, विमा कंपनीत नोकरी धरली. राजाची सत्ता कशी काढून घेतात हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. पुढच्या सगळ्या कारकिर्दीत ते कशाला इतके भांडले, हे मला यावरूनच उमगतं.

गादीवर असलेले दुसऱ्या शाखेचे गबादेगेसिन दुसरे १९६८ मध्ये वारले. ओयोत अलोवोलोडू आणि अगुनलोये अशा दोन राजशाखा आहेत. उमेदवार त्यांच्यातून येतात आणि निवड करतात ‘ओयोमेसी’ म्हणजे सात मानकरी, त्यांचा प्रमुख बशोरुन. जुन्या काळी हेच सातजण राजा नकोसा झाला की रिकामा भोपळा पाठवत आणि राजाला विष घ्यावं लागे. आता भोपळा जाऊन फाइल आली आहे. मानकऱ्यांनी नाव ठरवलं तरी सरकारची मंजुरी लागते आणि राजदंड गव्हर्नरच्या हातून मिळतो. (तिथला गव्हर्नर निवडून आलेला असतो, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा; १९७० मध्ये तो लष्करी अधिकारी होता.) बरीच रस्सीखेच होऊन बत्तिशीतल्या लामिदींना गादी मिळाली. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षाअखेर आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे बंद झाले. आपल्या राजांनी निवडणुका लढवल्या, वाड्यांची हॉटेलं केली. अदेयेमींना तो रस्ता नव्हता. १९९९ च्या नायजेरियन राज्यघटनेत पारंपरिक राजांना काहीच अधिकार नाही, पण पारंपरिक राजा नाही असं योरुबा गावही नाही.

अधिकार नाही म्हणजे काय, ते ओयोतल्या एका समारंभात पाहिलं. आमच्या कंपनीचा ड्रायव्हर नवा कोरा पांढरा अगबाडा घालून आला होता, त्या झग्याची इस्त्री दिवसभर जपत होता. ढोल वाजले, अलाफिन गाडीतून उतरले, हातात घोड्याच्या शेपटीची चवरी. हा गडी क्षणाचाही विचार न करता धुळीत पालथा पडला, कपाळ जमिनीला टेकून. योरुबा पुरुषांची वडीलधाऱ्यांना साष्टांग घालण्याची रीतच आहे, पण असा गडबडीने घातलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. बोलके ढोल मागच्या अलाफिनांची नावं एकामागून एक घेत होते. त्यांत शांगोही होता, जो पुढे विजेचा देव झाला. अलाफिन स्वतः मुसलमान. कुणाला त्यात विसंगती वाटत नव्हती.

अशा राजाच्या हाती उरतो तो किताब देण्याचा हक्क. म्हणूनच त्यावरून भांडणं इतकी विकोपाला जातात. किताबांत सर्वांत मोठा ‘आरे ओना काकानफो’, म्हणजे ओयो साम्राज्याचा सरसेनापती. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला आफोन्जा नावाच्या काकानफोने बंड केलं आणि इलोरिन कायमचं हातचं गेलं. पुढे हा मान पश्चिम प्रांताचे पंतप्रधान अकिंतोला यांना मिळाला. १९६६ च्या लष्करी बंडात ते मारले गेले. अदेयेमींनी १९८८ मध्ये तो उद्योगपती मोशुद अबिओला यांना दिला. अबिओलांनी १९९३ ची अध्यक्षीय निवडणूक जिंकली, लष्कराने ती रद्द केली, त्यांना कैदेत टाकलं आणि १९९८ मध्ये ते कैदेतच वारले. मग जवळपास २० वर्षं तो मान रिकामाच राहिला. किताब अपशकुनी आहे असं लोक म्हणत. तरीही २०१८ च्या जानेवारीत अदेयेमींनी तो एका योरुबा संघटनेचे नेते गानी अॅडम्स यांना दिलाच. किताब ओयोचा, देणार ओयोच, हे दाखवायची संधी ते सोडणारे नव्हते.

इफेचं म्हणणं वेगळं. ओदुदुवा, म्हणजे योरुबांचा मूळपुरुष, तो इफेचा, तेव्हा थोरली गादी आमची. ओयो म्हणतं, साम्राज्य आम्ही उभारलं, तेव्हा अख्ख्या योरुबांच्या नावाचा किताब आम्हीच देणार. १९९१ मध्ये ओयो राज्यातून ओसुन राज्य वेगळं झालं आणि इफे त्यात गेलं, त्यामुळे राजांच्या परिषदेत दोघे एका टेबलाशी बसायचे थांबले. वाद मात्र थांबला नाही.

अदेयेमी गेल्यावर गादी जवळजवळ तीन वर्षं रिकामी होती. मानकऱ्यांनी एक नाव ठरवलं, निवडीत पैसे फिरल्याच्या आरोपावरून ओयो राज्याचे गव्हर्नर सेयी माकिंदे यांनी ते मान्य केलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने कॅनडात राहिलेल्या ओवोआदेंचं नाव जाहीर केलं, तेव्हा सातांपैकी पाच मानकऱ्यांनी उघड विरोध केला. एप्रिलमध्ये राज्याभिषेक झाला आणि ऑगस्टमध्ये हे ४८ तास. ज्याच्या निवडीलाच मानकऱ्यांचा विरोध, तो राजा पहिल्याच वर्षी किताबावरून आवाज चढवतो तो उगाच नव्हे. इफेने काही मुदतीत किताब मागे घेतला नाही.

तेव्हा पुढची बातमी देताना दोन राजांच्या जोडीने माकिंदे यांचंही नाव द्यावं. त्यांची दुसरी आणि शेवटची मुदत २०२७ मध्ये संपते. नवा गव्हर्नर कुणाच्या बाजूचा असेल, याची चौकशी ओयोत आणि इफेतही आत्तापासून चालू असणार.

आपला नियमित वाचक,
नाशिक