सहा तासांच्या पुढचंही छापा

संपादक महोदय,
स.न.

नेत्रदानावरचा तुमचा लेख वाचला. चांगलाय, पण नेहमीसारखा "सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत" इथेच थांबला. पुढे त्या डोळ्यांचं काय होतं हे कुणी छापतच नाही हो.

माझे वडील गेले तेव्हा आम्ही नेत्रदान केलं. पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, सगळं सांगितलं तसं. पाचव्या दिवशी आय बँकेतून कळलं की कॉर्निया, म्हणजे डोळ्याचे पुढचे पारदर्शक पडदे, अजून ठेवलेलेच आहेत, तर काकू रडायलाच लागली, "वाया गेले गं डोळे". खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

म्हणून तिथे जाऊन विचारलं. टेक्निशियन ताईंनी एक बाटली दाखवली, आत फिकट गुलाबी पाणी आणि तळाशी बटणाएवढी काचेसारखी चकती, कडेला डोळ्याच्या पांढऱ्या भागाची किनार. फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवतात, गोठवत नाहीत, कारण आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तोच कॉर्नियातलं पाणी बाहेर टाकून तो स्वच्छ ठेवतो आणि त्या पेशी मेल्या की नवीन तयार होत नाहीत. म्हणून मायक्रोस्कोपखाली त्या मोजतात, त्याआधी बाटली थोडा वेळ फ्रीजबाहेर ठेवतात कारण गार असताना पेशींच्या कडा नीट दिसत नाहीत. रक्ताचे एचआयव्ही, काविळीचे रिपोर्टही यायचे असतात. गुलाबी पाणी पिवळट झालं तर जंतुसंसर्गाची शंका, मग तो वापरत नाहीत.

पूर्वी अख्खा डोळा ओलसर डबीत ठेवायचे, जेमतेम दोन दिवस. १९७४ साली कॉर्निया ठेवायचा मॅकॅरी-कॉफमन द्रव आला आणि चार दिवस मिळाले, आताच्या द्रवात १४ दिवसांपर्यंत टिकतो. युरोपात तर बऱ्याच ठिकाणी उबदार ठेवून चार आठवडे. म्हणजे पेशंटला रात्री-अपरात्री पळवायला नको, ऑपरेशन नीट ठरवून करता येतं. पेशी कमी भरल्या तरी काही वेळा पुढचा थर तेवढा वापरतात, नाहीतर ग्लिसरीनमध्ये ठेवून फुटलेला डोळा तातडीने वाचवायला.

हे आधी माहीत असतं तर काकूचे ते चार दिवस तसे गेले नसते. पुढच्या वेळी सहा तासांच्या ओळीखाली एवढं तरी छापा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक