माईंचं कढण

आंजर्ले,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझी बीपीची गोळी चालू आहे. सुलभा ठाण्याला, मनूचे दिवस भरत आलेत. घरात सध्या भाऊ आणि मी, दोघंच.

भाऊंनी परवा माईंचं नाव घेतलं. हो, माझ्या वडिलांनी, तुझ्या आईचं. फणसाच्या भांडणापासून जे नाव या घरात त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती झाली नाही, ते त्यांनी आपणहून काढलं, तेही पानावर बसून. फोनच करणार होतो, पण ते दिवसभर पडवीत बसलेले असतात आणि कान अजून तिखट आहेत. शिवाय हे तुझ्याखेरीज कुणाला सांगून कळणार आहे? दादाला सांगितलं तर तो म्हणेल, "बरं मग?"

झालं असं. मार्गशीर्षापासून भाऊंचं रात्रीचं जेवण तुटलंय. दुपारी चार घास आमटीभात जातो, पण दिवे लागले की "नको". यंदा थंडी बरी पडलीय. दिवसा खारा वारा असतो तोवर कळत नाही, पण रात्री जमिनीवरून मतलई सुटला की गारठा सरळ माजघरापर्यंत येतो. वर दापोलीत तर विचारू नकोस. कलमं मोहोरलीत छान, त्यामुळे थंडीला शिव्या घालायचीही सोय नाही. पण भाऊंच्या गळ्याची हाडं सदऱ्यातून वर आलीत रे. परवा त्यांना उठवताना दंडाला हात लावला आणि माझ्या पोटात धस्स झालं. ज्या दंडाला आपण दोघं एकदम लोंबकळायचो, तो माझ्या मुठीत मावला.

डॉक्टरांना दाखवलं. रक्त, लघवी सगळं झालं. म्हणाले, वयोमान. पातळ, गरम, थोडं थोडं देत राहा, मीठ बेतानं. दादाचं रोज एकच पालुपद, इकडे आणून सोड. त्याचा जीव तुटतो हे खरं, पण ज्या माणसाला हर्णैला लग्नाला जाऊन मुक्काम करवत नाही, त्याला सातव्या मजल्यावर नेऊन काय करणार? मी स्पष्ट सांगितलं, भाऊ इथेच राहतील. त्यावरून आमचं थोडं वाजलं. मग त्याने सूपची पाकिटं पाठवली. टोमॅटोचं करून दिलं, तर भाऊंनी एक घोट घेतला आणि विचारलं, "कुणाच्या लग्नातलं उरलंय?" पाकिटावरचं मिठाचं प्रमाण वाचलं आणि मीच ती फडताळात वर टाकून दिली.

म्हटलं, थंडीत आपल्या हाडाला मानवणारं एकच, कुळथाचं कढण. कुळीथ घरचे आहेत. खालच्या मळ्यात भातकापणी झाली की उरलेल्या ओलीवर फेकतो, पुढे दवावर वाढतात, पाणी द्यावं लागत नाही. यंदाचे अजून शेतात आहेत, म्हणून गेल्या सालचे काढले. निवडताना डोळे फुटायची वेळ आली, खडे आणि कुळीथ एकाच रंगाचे! सकाळी भिजत घातले, संध्याकाळी भरपूर पाण्यात कुकरला लावले. पाणी गाळून घेतलं, वाटीभर कुळीथ खोबऱ्याबरोबर वाटून त्यात सोडले. आमसुलं शेवटी, कारण आंबट आधी पडलं तर दाणा शिजता शिजत नाही. वरून लसणीची फोडणी. वासच असा सुटला की माझीच भूक खवळली.

भाऊंनी वाटी तोंडाला लावली. खाली ठेवली. म्हणाले, "हे सार झालं. कढण माईंचं."

मी विचारलं, "कोणत्या माई?"

"किती माई आहेत वाडीत? गडग्यापलीकडच्या."

बंड्या, माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आठवतंय ना, मी चौथीत होतो, आई आजोळी गेली होती, भाऊ खोकल्याने बेजार, आणि तू अंधार पडल्यावर दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून कडीचा पितळी डबा माझ्या हातात द्यायचास? (डबा तूच आणायचास, मान्य. यावरून आता पुन्हा भांडू नकोस. पण वाटेत निम्मा कोण प्यायचा हेही मला ठाऊक आहे.) आणि मी भाऊंना सांगायचो, खालच्या अळीतल्या आत्याने पाठवलंय. केवढी छाती धडधडायची! फणसावरून दोन्ही घरं कोर्टाची पायरी चढायच्या बेतात होती, आणि आपण दोघं मोठे कारस्थानी.

मी हळूच म्हटलं, "ते तर आत्याने पाठवलेलं ना?" तर भाऊ म्हणतात, "तुझ्या आत्याला कुळीथ शिजवायला कधी जमले होते?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि पुढे ऐक. म्हणाले, "डबा रिकामा गेला का कधी?"

नाही गेला रे. सकाळी मी डबा घ्यायला जायचो तर तो घासून पालथा नसायचा, झाकण लावून ठेवलेला असायचा आणि आत मूठभर आमसुलं. आई घरात नव्हती. मग घालत कोण होतं? आपण पोरं, आपल्याला हा प्रश्नच पडला नाही. तू ती वाटेतच चोखत जायचास. पण माईंना तर कळलं असणार. म्हणजे माईंना ठाऊक की भाऊ कुणाचं कढण पितात, भाऊंना ठाऊक की माईंच्या कढणात कुणाची आमसुलं पडतात, आणि दोघं गडग्याच्या दोन बाजूंनी तोंड फिरवून जाताहेत.

माई गेल्या तेव्हा भाऊ तुमच्या पायरीपर्यंत आले आणि ओटीवर न चढता फिरले. ते तुला लागलं. तू मला त्या रात्री पाखाडीवर उभा राहून जे बोललास त्यातला शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे, आणि तू बोललास ते योग्यच होतं. मी तेव्हा भाऊंची बाजू घेतली नाही, आजही घेत नाही. चढायला हवं होतं त्यांनी. पण डब्यातल्या आमसुलांचं तुला कळल्याशिवाय राहू नये, म्हणून एवढं लिहितोय.

आणखी एक. तो फणस निसर्ग वादळात पडला, 3 जून 2020. पडता पडता गडगाही घेऊन गेला, तो तसाच पडलाय, आता तुमच्या आगरातली गुरं खुशाल आमच्यात येतात. लाकूड मी कापून मांगरात रचलं होतं. दोनदा गिऱ्हाईक आलं, चांगला भाव देत होतं, भाऊंनी परत पाठवलं. मला वाटायचं हट्ट. परवा कढणाच्या ओघातच म्हणाले, "अर्धं त्यांचं आहे. बंड्या आला की विचारून काय ते कर." ज्या झाडापायी वकील गाठायला निघाले होते, त्याचं अर्धं! फळ्या चांगल्या पिवळ्याधमक निघतील. देव्हारा कर, पाट कर, काय हवं ते कर, पण ये.

आता मुद्द्याचं. माझं कढण अजून बसत नाहीये. कुळीथ आधी भाजून पाहिले, तर भाऊ म्हणाले, "जवळ आलास." तांदळाची पिठी लावली तर वाटी सरकवलीच. माईंचं दाट असायचं, पण पीठ लावल्यासारखं नव्हे, ओठांना साय लागावी तसं. ती दुपारभर चुलीवर मडक्यात ठेवायची, तेवढ्यानेच होत असेल? की सगळेच कुळीथ वाटून गाळायची? आणि लसूण सालासकट ठेचायची का? मला तो किंचित जळका वास पक्का आठवतो. गूळ होता का? तुला काही आठवणार नाही, तू नुसता पिणारा. ताईला विचार. ती माईंच्या हाताखाली शिकलीय. मापं नको विचारूस, क्रम विचार, कशानंतर काय पडायचं ते. आणि मीठ कमी ठेवायचंय हे सांग, म्हणजे आंबट किती वाढवावं ते ती सांगेल.

कारण बंड्या, न आवडलेल्या त्या कढणाचीसुद्धा अर्धी वाटी त्यांनी संपवली. कित्येक रात्रींनी दिवे लागल्यावर पोटात काही गेलं. दुसऱ्या दिवशी चार वाजताच विचारलं, "भिजत घातलेस का?" मला तेवढं पुरेसं आहे. नीट जमलं तर पूर्ण वाटी जाईल. दादाला मग मी काहीही ऐकवायला मोकळा.

तुझं काय चाललंय? पेन्शनची कागदपत्रं झाली का? वहिनींचं मोतीबिंदूचं उरकलं असेल, जपायला सांग. प्रसादला नाशिक मानवलं का? तुमच्या घराच्या मागच्या पाख्याची कौलं सरकलीत, मी चार बसवून घेतली, पावसाच्या आधी तू बघायला हवंस. शिमग्याला येणार असलास तर तोवर थांबू नकोस, त्याआधी ये. शनिवारी रात्रीची गाडी धर, सकाळी दापोलीला उतरशील, मी आणायला येतो.

ताईचा निरोप मात्र लगेच कळव, फोनवर चालेल. भाऊ ऐकतील तर ऐकू देत.

तुझा,
विन्या