जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली मराठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यात माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, बिलबुकं, कधीमधी एखाद्या हौशी कवीचा संग्रह. दुकानातला संगणक २०१६ साली घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. एकदा एसएसडी बसवली, बाकी तक्रार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि हा ठणठणीत गडी एका दिवसात म्हातारा ठरला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. सर्व्हिसवाला म्हणाला, ‘काका, नवीनच घ्या आता.’ सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत मिळत होती, पण ते म्हणजे घरमालकाकडून आणखी एक वर्ष मागून घेण्यासारखं.

ऐरोलीचा माझा भाचा एका रविवारी पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, घेऊन आला. ‘मामा, आधी नुसतं बघा, तुमचं काही पुसलं जाणार नाही.’ पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू झाला, प्रिंटर आपला आपण ओळखला गेला. दोन दिवस वापरून पाहिलं, फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवल्या आणि मग बसवून टाकलं. खर्च झाला तो त्याच्या मिसळीचा.

यात कौतुक सांगण्यासारखं फार नाही. पानं जुळवायचा माझा जुना प्रोग्राम पेजमेकर लिनक्सवर थेट चालत नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची, तेव्हा तो दोष लिनक्सचाही नव्हे. त्याच्या जागी स्क्रायबस हा तसाच प्रोग्राम शिकलो. पूर्वी त्यात आपली जोडाक्षरं फुटायची, आता नीट येतात. कोरलड्रॉच्या फायली घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र अजून ‘पीडीएफ करून आणा’ म्हणावं लागतं. टायपिंगचा क्लास मी मराठी टाइपरायटरवर केलेला, त्यामुळे इनस्क्रिप्ट या संगणकाच्या मराठी कळपाटावर यायला तीन आठवडे गेले. ‘क’ला के, पाय मोडायला डी. आता बोटं बघत नाहीत.

पत्र लिहायला बसलो ते पुढच्या गोष्टीमुळे. कळव्याहून एक बाई आल्या. थोरलीच्या लग्नाची पत्रिका २००४ साली माझ्याकडेच छापली होती, आता धाकट्याचं लग्न, मायना तोच हवा. मी ऐटीत जुनी फाइल शोधून उघडली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. बाई म्हणाल्या, ‘अहो, हे काय, व्हायरस आला का?’

व्हायरस नव्हता. आपण वीस-पंचवीस वर्षं जे मराठी म्हणून टाइप केलं, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. कृतीदेव फॉन्ट घ्या. त्यात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर ‘राम’ दिसतो. फाइलमध्ये साठवली जातात ती जे, के, ई हीच. फॉन्ट फक्त वरून मराठीचं चित्र चढवतो. फॉन्ट काढा, रामही गेला. श्रीलिपी काय, आणखी कुठला काय, अक्षरांचे आकडे प्रत्येकाचे वेगळे, तऱ्हा तीच. विंडोजवर तो फॉन्ट बसवलेला होता म्हणून इतकी वर्षं झाकली मूठ होती.

आणि गंमत बघा, प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत म्हणजे युनिकोड, आणि देवनागरीला त्यात स्वतःची जागा १९९१ पासूनच आहे. लिनक्सचा जन्मही त्याच वर्षीचा. दोघांची गाठ माझ्या दुकानात पडायला इतका उशीर झाला, यात दोष माझाही आहे.

आता रोज दुकान बंद केल्यावर तासभर जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलत बसतो. बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकही भेटला नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. त्या उलथापालथीत एखादी वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफारही भरकटतो. सगळ्यात हाल आपल्या खास मराठी ‘ऱ्य’चे. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, ‘सुऱ्या’चा ‘सूर्या’कडे प्रवास सुरू होतो. म्हणून प्रत्येक पान वाचावंच लागतं. २००९ पर्यंत पोहोचलो आहे.

हे सगळं मी मुकाट्याने केलं असतं. पण मागच्या महिन्यात एका कार्यालयाचा वार्षिक अहवाल जुळवून युनिकोडमध्ये पाठवला, तर तिथून फोन आला: ‘हे चालणार नाही. आमच्या फॉन्टमध्ये द्या, साहेबांच्या मशीनवर तोच आहे.’ चाळीस पानांचा अहवाल. कपाटात ठेवलेली जुनी डिस्क काढली, इंटरनेटची वायर उपटून विंडोज सुरू केलं आणि तोच मजकूर उलटा जुन्या फॉन्टात नेला. बिल तेवढंच.

लोक म्हणतात, लिनक्सवर जाणं अवघड. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं त्यावरच शिकताहेत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘सी-डॅक’ या संगणक-संशोधन संस्थेनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली काढलेली आहे. अवघड जातं ते साहेबांच्या मशीनवरच्या एका फॉन्टपायी.

माझी मागणी मोठी नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या सरकारी, निमसरकारी कार्यालयांनी मराठी मजकूर मागवताना ‘युनिकोडमध्येच द्यावा’ अशी एक ओळ पत्रात घालावी, आणि फाइल कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशा खुल्या स्वरूपात घ्यावी. अशा फायली करणारं लिबरऑफिस फुकट आहे, विंडोजवरही चालतं. त्यासाठी कोणी काही सोडायला नको. वाचनालयं आणि गणेशोत्सव मंडळांनी आपल्या जुन्या स्मरणिकांच्या सीडी एकदा दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहाव्यात, जिथे तो फॉन्ट नाही अशा. आपल्या वर्तमानपत्राचा तर या बाबतीत अनुभव दांडगा असेल. एकेकाळी मराठी दैनिकांच्या वेबसाइट वाचायलासुद्धा आधी ज्याचा त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. आपल्या कचेरीने जुन्या अंकांचं काय केलं, ते कधी छापलंत तर माझ्यासारख्यांचे बरेच तास वाचतील.

कळव्याच्या बाईंची पत्रिका वेळेत झाली. मायना मी थोरलीच्या छापील पत्रिकेवरून पुन्हा टाइप केला. ती त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली होती.

आपला,
एक डीटीपीवाला
नौपाडा, ठाणे (प.)